फाइलची जुनी आवृत्ती : राहते कुठे, परत येते कशी

संगणकावर फाइल सेव्ह केली की नवा मजकूर जुन्याची जागा घेतो आणि जुना नाहीसा होतो. ‘अन्डू’ची सोय काम चालू असेपर्यंत पुरते, प्रोग्रॅम बंद केला की बहुतेक ठिकाणी तीही संपते. म्हणून ‘अहवाल-अंतिम’, ‘अहवाल-अंतिम-२’, ‘अहवाल-खरंच-अंतिम’ अशा नावांच्या प्रती साठत जातात. त्यांतली कोणती प्रत आधीची, तिच्यात काय बदलले आणि कोणी बदलले, हे नावावरून कळत नाही. प्रोग्रॅमरांनी या अडचणीवर काढलेला तोडगा म्हणजे व्हर्जन कंट्रोल, अर्थात आवृत्ती-नियंत्रण. यात कामाच्या ठरावीक टप्प्यांवर फाइलींची नोंद केली जाते. प्रत्येक नोंदीसोबत वेळ, करणाऱ्याचे नाव आणि बदलाचे कारण राहते, आणि नोंदवलेली कोणतीही आवृत्ती नंतर पुन्हा बाहेर काढता येते.

एससीसीएस ते गिट

१९७२ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’ तयार केली. एससीसीएस या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. एका फाइलच्या सर्व आवृत्त्यांतील ओळी ती एकाच साठ्यात एकत्र ठेवी आणि कोणती ओळ कोणत्या आवृत्तीत आली व कोणत्या आवृत्तीत गेली, याच्या खुणा करी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी ‘रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम’ म्हणजे आरसीएस लिहिली. तिचा हिशेब वेगळा होता. बहुतेक वेळा लागते ती ताजी आवृत्ती, म्हणून ती पूर्ण ठेवायची. तिच्यात काय फेरफार केले की मागची आवृत्ती मिळेल, एवढेच जुन्यांसाठी टिपून ठेवायचे. त्यामुळे ताजी आवृत्ती चटकन हाती येई. जितके मागे जावे तितके काम वाढे.

या दोन्ही प्रणाली एकेका फाइलचा सुटा विचार करत. सॉफ्टवेअर मात्र शेकडो फाइलींचे बनते आणि एक बदल अनेक फाइलींना स्पर्श करतो. १९८०च्या दशकात आलेल्या सीव्हीएसने अनेकांना एकाच प्रकल्पावर एकाच वेळी काम करणे सोपे केले. कोलॅबनेट कंपनीने २००० साली हाती घेतलेल्या सबव्हर्जनची पहिली पूर्ण आवृत्ती २००४मध्ये आली. तिने प्रत्येक नोंदीला साऱ्या प्रकल्पाचा मिळून एक क्रमांक दिला. ‘४१२वी नोंद’ म्हटले की त्या क्षणी सर्व फाइली कशा होत्या, ते ठरते. पण सगळा इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर असे. सर्व्हरशी संपर्क तुटला की जुनी आवृत्तीही हाताबाहेर जाई.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणारे प्रोग्रॅमर २००२पासून बिटकीपर ही खासगी कंपनीची प्रणाली वापरत होते. २००५मध्ये तिचा मोफत वापर बंद झाला. त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतली आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये नोंदवला जाऊ लागला. जुलैमध्ये तिची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. गिटमध्ये प्रकल्पाची प्रत उतरवून घेणाऱ्याला सहसा फक्त ताज्या फाइली मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास मिळतो. म्हणून जुनी आवृत्ती काढायला इंटरनेट लागत नाही. आज सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली हीच आहे, त्यामुळे पुढचे विवेचन तिच्या आधाराने केले आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप कराव्या लागतात.

गिट मजकूर कुठे ठेवते

गिटखालच्या प्रकल्पात एका फाइलला तीन जागा असतात. पहिली, डोळ्यांसमोरचे कामाचे फोल्डर. संपादन तिथे होते. दुसरी, ‘इंडेक्स’ किंवा ‘स्टेजिंग एरिया’. पुढच्या नोंदीत काय जायचे आहे ते ‘गिट अ‍ॅड’ ही कमांड इथे आणून ठेवते. तिसरी, रिपॉझिटरी, म्हणजे कायमचा साठा. ‘गिट कमिट’ ही कमांड इंडेक्समधला मजकूर तिथे नोंदवते. या नोंदीलाच कमिट म्हणतात. फाइल परत आणण्याचे सगळे प्रकार म्हणजे या तीन जागांमधली उलट दिशेची वाहतूक आहे. कोणत्या जागेतून कोणत्या जागेत काय आणायचे, हे स्पष्ट असेल तर योग्य कमांड आपोआप ठरते.

साठ्याच्या आत फाइलचा मजकूर ‘ब्लॉब’ या रूपात राहतो. ब्लॉबला फाइलचे नाव नसते. त्याच्या मजकुरावरून एसएचए-१ या गणिती पद्धतीने १६० बिटांची खूण काढली जाते. ती ४० अक्षरांत लिहितात आणि तिला हॅश म्हणतात. मजकुरात एका काना-मात्रेचा फरक पडला तरी हॅश पूर्ण बदलतो. मजकूर तंतोतंत तोच असेल तर हॅशही तोच येतो. कोणत्या फोल्डरात कोणत्या नावाखाली कोणता ब्लॉब आहे, हे ‘ट्री’ नावाच्या वस्तूत लिहिलेले असते. कमिट एका ट्रीकडे बोट दाखवते आणि आपल्या आधीच्या कमिटचा हॅशही जपते. त्यामुळे नोंदींची साखळी तयार होते. मधल्या एखाद्या नोंदीत गुपचूप फेरफार केला तर पुढच्या सर्व नोंदींचे हॅश जुळेनासे होतात.

प्रत्येक कमिट साऱ्या प्रकल्पाचे त्या क्षणाचे पूर्ण चित्र ठेवते. तरीही जागा फारशी लागत नाही. न बदललेल्या फाइलींसाठी नवा ब्लॉब बनतच नाही. नवी ट्री जुन्याच ब्लॉबकडे बोट दाखवते. शिवाय सवडीने गिट अनेक वस्तू एका पॅक-फाइलीत गोळा करते आणि मिळत्याजुळत्या मजकुरांपैकी एक पूर्ण ठेवून इतरांचे केवळ फरक ठेवते.

आधी शोध

फाइल परत आणण्याची कमांड एका ओळीची असते. वेळ जातो तो हवी असलेली आवृत्ती नेमकी कोणती, हे शोधण्यात. समजा, एका गृहनिर्माण संस्थेची नियमावली साध्या मजकुराच्या फाइलीत आहे आणि ती गिटमध्ये नोंदवली जाते. पार्किंगचे कलम मागे कधीतरी काढून टाकले आणि आता ते पुन्हा हवे आहे. ‘गिट लॉग’पुढे फाइलचे नाव दिले की त्या फाइलला स्पर्श करणाऱ्या नोंदी ताज्यापासून मागे दिसतात. फाइलचे नाव मध्येच बदलले असेल तर ‘फॉलो’ हा पर्याय जोडल्यावर जुन्या नावाखालचा इतिहासही मिळतो. ‘पी’ हा पर्याय प्रत्येक नोंदीतले प्रत्यक्ष बदल दाखवतो.

नोंदींचे संदेश नीट लिहिलेले असतील तर ‘पार्किंगचे कलम काढले’ ही ओळ लगेच सापडते. संदेशाच्या जागी नुसते ‘बदल’ किंवा ‘अपडेट’ असेल तर मजकुरातच शोधावे लागते. त्यासाठी ‘गिट लॉग’ला मोठा ‘एस’ हा पर्याय आणि शोधायचा शब्द द्यावा. ज्या नोंदींत त्या शब्दाची संख्या वाढली किंवा घटली, तेवढ्याच नोंदी समोर येतात. गेलेला परिच्छेद शोधण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ‘गिट ब्लेम’ ही कमांड याच्या उलट बाजूने उपयोगी पडते. आज फाइलीत असलेली प्रत्येक ओळ शेवटी कोणी, केव्हा आणि कोणत्या नोंदीत बदलली, ते ती सांगते. गेलेल्या ओळी मात्र तिला दिसत नाहीत.

बिघाड कधी शिरला हेच ठाऊक नसेल तर ‘गिट बायसेक्ट’ वापरतात. नीट चालणारी एक जुनी नोंद आणि बिघडलेली एक नवी नोंद सांगितली की गिट दोन्हींच्या मधोमध असलेली नोंद तपासायला देते. उत्तरानुसार निम्म्या नोंदी वगळल्या जातात आणि उरलेल्यांचा मध्य पुढे येतो. अशा रीतीने १००० नोंदींमधली दोषी नोंद साधारण १० तपासण्यांत सापडते.

मराठी मजकुरासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. गिट फरक दाखवते ती ओळीगणिक. मराठी गद्यात सबंध परिच्छेद अनेकदा एकाच लांब ओळीत असतो, त्यामुळे एक शब्द बदलला तरी पूर्ण परिच्छेद बदललेला दिसतो. ‘गिट डिफ’ला ‘वर्ड-डिफ’ हा पर्याय दिला तर बदललेले शब्दच वेगळे दिसतात. फाइलचे नाव देवनागरीत असेल तर गिट ते मुळात तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात छापते. ‘कोअर-कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की नाव वाचता येते. शोधताना अक्षरांची संगणकीय घडणही जुळावी लागते. ‘तऱ्हा’, ‘गाऱ्हाणे’ यांतला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकला जातो; पडद्यावर दोन्ही सारखे दिसले तरी एका प्रकाराने केलेला शोध दुसरा पकडत नाही. युनिकोडपूर्व फाँटांतला मजकूर तर अशा शोधात येतच नाही.

नोंद सापडली की फाइल लगेच बदलण्याची घाई नसावी. ‘गिट शो’पुढे नोंदीचा हॅश, अपूर्णविराम (:) आणि फाइलचे नाव दिले की ती आवृत्ती नुसती पडद्यावर वाचता येते, कामाच्या फोल्डरला धक्का लागत नाही. हॅशची ४०च्या ४० अक्षरे टाइप करावी लागत नाहीत, लहान प्रकल्पांत पहिली सात सहसा पुरतात. एक परिच्छेदच हवा असेल तर तो इथूनच उचलून ताज्या फाइलीत घालणे सर्वांत सोपे.

मग परत आणणे

ऑगस्ट २०१९मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ या आवृत्तीत या कामासाठी ‘गिट रिस्टोअर’ ही स्वतंत्र कमांड मिळाली. त्याआधी हे काम ‘गिट चेकआउट’ करत असे आणि आजही करते. पण ब्रांच, म्हणजे नोंदींच्या साखळीची शाखा, बदलणे व फाइल परत आणणे ही दोन अगदी वेगळी कामे तिच्याकडे असल्याने गोंधळ होई.

फाइलीत बदल केले, पण ते अजून इंडेक्समध्ये नेलेले नाहीत आणि आता नकोत, अशा वेळी ‘गिट रिस्टोअर’पुढे फक्त फाइलचे नाव द्यावे. इंडेक्समधली प्रत कामाच्या फोल्डरात येते. टाकून दिलेले हे बदल मात्र गिट कुठेही ठेवत नाही. शंका असेल तर आधी ‘गिट स्टॅश’ने ते बाजूला ठेवणे शहाणपणाचे. चुकून इंडेक्समध्ये नेलेली फाइल तिथून काढायची असेल तर ‘स्टेज्ड’ हा पर्याय जोडावा. कामाच्या फोल्डरातला मजकूर तसाच राहतो.

जुन्या नोंदीतली फाइल हवी असेल तर ‘सोर्स’ या पर्यायात त्या नोंदीचा हॅश द्यावा. नियमावलीच्या उदाहरणात कलम काढून टाकणारी नोंद सापडली आहे. पण कलम असलेली आवृत्ती तिच्या आधीच्या नोंदीत आहे. म्हणून हॅशच्या शेवटी ‘कॅरेट’ हे टोपीसारखे चिन्ह लावतात. त्याने आधीची नोंद दर्शवली जाते. पूर्ण पुसून टाकलेली फाइल परत आणतानाही हेच करावे लागते, कारण ज्या नोंदीत ती पुसली त्या नोंदीत ती नसतेच. नेहमीची चूक इथेच होते.

अशा रीतीने फाइल परत आली की ती कामाच्या फोल्डरात एक साधा बदल म्हणून उभी राहते. ती तपासून पुन्हा ‘अ‍ॅड’ आणि ‘कमिट’ केली की काम पुरे होते. इतिहासातल्या मधल्या नोंदी जशाच्या तशा राहतात. जुना मजकूर नव्या नोंदीच्या रूपाने पुढे येतो.

चुकीची नोंद उलटवणे

कधी एक फाइल नव्हे, तर एक सबंध नोंद चुकीची ठरते. तिचे परिणाम काढून टाकायचे, पण नंतरच्या चांगल्या नोंदी ठेवायच्या, यासाठी ‘गिट रिव्हर्ट’ आहे. जमाखर्चाच्या वहीत चुकलेली रक्कम खोडत नाहीत, तिच्यासमोर उलट नोंद टाकतात. ‘रिव्हर्ट’ नेमके तेच करते. त्या नोंदीने जोडलेल्या ओळी काढणारी आणि काढलेल्या ओळी जोडणारी नवी कमिट तयार होते. नंतरच्या नोंदींनी त्याच ओळी बदलल्या असतील तर गिट थांबते आणि कोणता मजकूर ठेवायचा हे माणसाला विचारते. सबव्हर्जनमधली याच नावाची कमांड मात्र फक्त न नोंदवलेले बदल टाकून देते, त्यामुळे एका प्रणालीतून दुसरीत येणाऱ्याने जपून राहावे.

‘गिट रीसेट’चा स्वभाव वेगळा आहे. ती ब्रांचचे टोकच मागच्या एखाद्या नोंदीवर नेऊन ठेवते. ‘हार्ड’ हा पर्याय जोडला तर इंडेक्स आणि कामाच्या फोल्डरातल्या नोंदवलेल्या फाइलीही त्या जुन्या स्थितीत जातात आणि त्यांतले न नोंदवलेले बदल नष्ट होतात. एकट्याच्या कामात हे चालून जाते. जो इतिहास इतरांनी उतरवून घेतला आहे त्यावर ‘रीसेट’ करणे म्हणजे सहकाऱ्यांच्या कामात गोंधळ माजवणे होय. तिथे ‘रिव्हर्ट’च योग्य.

‘रीसेट’मुळे साखळीबाहेर पडलेल्या नोंदीही लगेच नाहीशा होत नाहीत. ब्रांचचे टोक कुठून कुठे हलले याची रोजनिशी गिट त्या संगणकावर ठेवते. ती ‘गिट रीफ्लॉग’ने दिसते. हरवलेल्या नोंदीचा हॅश तिथे मिळाला की त्यावर नवी ब्रांच काढून सगळे काम परत मिळवता येते. या रोजनिशीतल्या नोंदी मूळ सेटिंगनुसार ९० दिवस टिकतात. ज्या कमिटपर्यंत आता कोणतीही ब्रांच पोहोचत नाही, त्यांच्यासाठी ही मुदत ३० दिवसांची असते. त्यानंतर गिटची साफसफाई त्यांना कायमचे काढू शकते.

जे परत येत नाही

गिट नोंदवलेलेच परत देऊ शकते. सकाळपासून दहा वेळा सेव्ह केलेली, पण एकदाही ‘अ‍ॅड’ न केलेली फाइल पुसली गेली तर गिटकडे तिचा मागमूस नसतो. ‘गिटइग्नोअर’ यादीत टाकलेल्या फाइलींचेही तेच. ‘अ‍ॅड’ केलेली, पण कमिट न केलेली फाइल मात्र वाचण्याची शक्यता असते, कारण ‘अ‍ॅड’ करतानाच तिचा ब्लॉब साठ्यात जातो. ‘गिट एफएससीके’ ही कमांड ‘लॉस्ट-फाउंड’ या पर्यायासह चालवली की असे बेवारस ब्लॉब एका फोल्डरात काढून ठेवले जातात. त्यांना नावे नसतात. उघडून पाहूनच ओळखावे लागते. काही एडिटर स्वतःचा स्थानिक इतिहास ठेवतात, गिटने हात टेकल्यावर तिथेही पाहावे.

वर्डच्या फाइली, चित्रे, ध्वनिफिती गिटमध्ये ठेवता येतात आणि त्यांची जुनी आवृत्तीही पूर्ण परत मिळते. पण दोन आवृत्त्यांमध्ये काय बदलले, हे ओळीगणिक दिसत नाही आणि मोठ्या फाइलींनी साठा फुगत जातो. ज्या मजकुराचा इतिहास जपायचा आहे, तो साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवणे म्हणूनच सोयीचे.

नोंद टिकते याची दुसरी बाजूही आहे. चुकून नोंदवलेला पासवर्ड पुढच्या नोंदीत पुसला तरी मागच्या नोंदीत तो कोणालाही वाचता येतो. अशा वेळी फाइल दुरुस्त करून भागत नाही, पासवर्ड लगेच बदलावा लागतो.

आवृत्ती-नियंत्रण म्हणजे बॅकअप नव्हे. रिपॉझिटरी एकाच डिस्कवर असेल आणि डिस्क गेली, तर सगळा इतिहास जातो. अनेक प्रती असल्या तरी त्या आंधळेपणाने एकमेकींची नक्कल करत असतील तर धोका राहतोच. मार्च २०१३मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरवर फाइली बिघडल्या आणि मिरर सर्व्हरांनी तो बिघाडही उतरवून घेतला. एका सर्व्हरवर शाबूत प्रत सापडली म्हणून सुमारे १५०० रिपॉझिटरी वाचल्या. वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या वेळी घेतलेली प्रत लागतेच.

प्रोग्रॅमिंगच्या बाहेर

हे तत्त्व टर्मिनल न पाहिलेल्यांच्याही वापरात आहे. गूगल डॉक्समध्ये जुन्या आवृत्त्या वेळेनुसार पाहता आणि परत आणता येतात. २००३पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास पहा’ या पानावर त्याची प्रत्येक आवृत्ती, ती कोणी व केव्हा केली यासह मिळते. कोणी लेखाची नासधूस केली तर जुनी आवृत्ती उघडून ती पुन्हा जतन करता येते. तिथेही मधली नासधूस इतिहासात राहते आणि जुना मजकूर नवी आवृत्ती म्हणून वर येतो.

जुनी आवृत्ती किती सहज मिळेल, हे ती हरवण्याच्या आधीच ठरलेले असते. एका कमिटमध्ये एकाच विषयाचा बदल, काय व का बदलले ते सांगणारा संदेश, दिवसातून अनेकदा नोंद आणि इतिहासाची एक प्रत दुसऱ्या संगणकावर, या चार सवयी ज्याने लावून घेतल्या त्याला जुनी फाइल काढायला काही मिनिटे लागतात. ज्याने नोंदच केली नाही, त्याला कोणतीही कमांड मदत करू शकत नाही.